सहा सेंटिमीटर, दोन मिलिमीटर

भेंडीच्या तिसऱ्या रोपाची उंची सहा सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर होती. चार दिवसांपूर्वीही ती तेवढीच होती. बदल झाला होता तो खालच्या दोन पानांत. पानांच्या कडेने एक तपकिरी रेघ उमटली होती, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. आतले पान हिरवेच होते.

भानुमतीने स्टीलची पट्टी मातीतून उचलली, पदराला पुसली आणि डोळ्यांजवळ नेली. शून्याच्या खुणेपाशी, जिथे पट्टी रोज मातीला टेकायची तिथे, तांबूस ठिपके पडले होते. ही पट्टी माती तपासणीच्या प्रयोगशाळेतली. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिले आणि सुकेशनीने ही पट्टी गुपचूप पर्समध्ये सरकवली. एकतीस वर्षे वापरली तेव्हा तिच्यावर डाग पडला नव्हता.

"काय भानू, किती मिलिमीटर आज?"

मागच्या दारात वैजनाथ उभा होता. हातात चहाचा कप, खांद्यावर टॉवेल. भानुमतीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, बँकेतून निवृत्त झालेला भाऊ. हा प्रश्न तो महिनाभर रोज विचारत होता आणि विचारून रोज स्वतःच हसत होता.

"तेवढीच आहे."

"मग तूच जरा ओढून बघ. शाळेत मुलांचे कान ओढायचे तसं."

"दादा, चहात साखर घेतलीस?"

"अर्धा चमचा. तुझं लक्ष भेंडीवर असू दे."

भानुमतीने वहीत आकडा लिहिला आणि ती पुढच्या वाफ्याकडे वळली. वाफे सहा, प्रत्येक हात-दीड हात रुंदीचा, मागच्या भिंतीला लागून. संक्रांत होऊन थंडी उतरल्यावर तिने मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, भेंडी आणि गवार असे पेरले होते. माघात पेरायचे आणि फाल्गुनात खायचे, हा तिचा बारा वर्षांचा शिरस्ता. यंदा फाल्गुन लागला तरी मेथी चार पानांवर थबकलेली. मुळ्याला खाली करंगळीएवढीही गाठ नाही. गवारीने दोन पाने टाकली आणि ती पिवळी पडली. पालक तेवढा बरा होता. जाड, गडद पानांचा, जणू त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

हे घर चिकलठाण्याच्या बाजूला, जालना रोडपासून थोडे आत. इथे राहायला आले तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे ज्वारी होती. आता चार मजली इमारत होती. तिची सावली सकाळी साडेदहापर्यंत वाफ्यांवर असायची, म्हणून भानुमतीने पहिला संशय सावलीवर घेतला. पण सावली गेल्या वर्षीही होती आणि गेल्या वर्षी मेथी खुडून शेजारी वाटली होती. मग बियाण्याचा संशय. तिने ओल्या रुमालात वीस दाणे गुंडाळून ठेवले, अठरा उगवले. मग थंडीचा. तिने जुना थर्मामीटर मातीत चार बोटे खोचून तीन दिवस सकाळी पाहिला. माती उबदार होती. मग खताचा, की ते नीट कुजले नसेल. हुंगून पाहिले. त्याला पावसानंतरच्या रानासारखा वास होता. मुळांना गाठी नाहीत, पानांखाली मावा नाही. माती वरून तेवढी विचित्र झाली होती. दुधावर साय धरावी तशी गुळगुळीत पापडी धरायची आणि वाळली की तिला भेगा पडायच्या.

पाणी मात्र तिने तपासले नाही. तपासायचे काय? पाणी ती स्वतःच घालत होती. नळ आठव्या-नवव्या दिवशी यायचा, बोअर दिवाळीतच फेसाळायला लागली होती आणि पंधरा दिवसांनी टँकर मागवावा लागायचा. त्यामुळे घरात तिचा नियम होता. तांदळाचे धुवण, भाज्यांचे धुवण आणि पिण्याच्या भांड्यातले शिळे पाणी वेगळ्या बादलीत काढायचे. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. बोअरच्या जड पाण्यावर दिवाळीनंतर दादाने पाणी मऊ करायचे मशीन बसवून घेतले होते, त्यात पोत्याने मीठ पडायचे. पण त्याच्या धुण्याचे पाणी पुढच्या अंगणातून गटारात जायचे. मशीन बसले त्या दिवशी भानुमतीने ते स्वतः पाहिले होते.

फोन वाजला. सुकेशनी होती.

"मॅडम, झाली का मोजणी?"

"झाली."

"आणि?"

"सहा पूर्णांक दोन."

पलीकडून सुस्कारा आला, मग हसू. सुकेशनी प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षे बसली होती. आता गंगापूरजवळ तिची रोपवाटिका होती आणि वर बांधलेली एक खोली चार वर्षांपासून रिकामी होती.

"भानू, मी आता स्पष्ट बोलते, राग मानू नको. साखर कारखान्यावरचा एक जण खोली मागतोय. बायको, एक लेकरू. माणसं चांगली आहेत. पाडव्यापर्यंत थांबा म्हणलंय त्यांना. पुढं नाही थांबवणार."

"पाडव्याला अजून वेळ आहे."

"वीस दिवस आहेत. तू काय म्हणाली होतीस? रब्बी निघू दे. मग म्हणालीस, दादाचं मोतीबिंदूचं होऊ दे. मग म्हणालीस, मेथी निघू दे. आता मेथीच निघंना. म्हणजे तू येणारच नाहीस का?"

"तसं नाही गं."

"इथं विहिरीला पाणी हाय. तीन हजार रोपं बसवलीत. मला माती कळणारं माणूस पाहिजे, आणि चहाला कुणीतरी पाहिजे. दोन्ही कामं तूच करू शकतीस."

"दादाचं कोण बघेल?"

"त्याचं त्यानं बघावं की. हातपाय धड हायेत."

हातपाय धड होते हे खरे. पण वहिनी गेल्याला सात वर्षे झाली होती आणि सात वर्षांत वैजनाथने गॅस पेटवला तो एकदाच, तोही उलटा फिरवून. त्याचा मुलगा शंतनू पुण्याहून महिन्यातून एकदा फोन करी आणि म्हणे, "आत्या आहे म्हणून मला काळजी नाही." आईनेही जाताना भानुमतीचाच हात धरला होता. दादाकडे बघ, म्हणाली होती. भानुमतीकडे कुणी बघायचे, हे सांगायचे राहून गेले किंवा तिला ते सुचले नाही. स्थळे आली तेव्हा आई आजारी होती. आई गेली तेव्हा स्थळे यायची बंद झाली होती. त्याचा गवगवा भानुमतीने कधी केला नाही. वैजनाथ मात्र पाहुण्यांपुढे आवर्जून म्हणायचा, "हे घर भानूचंच आहे. आम्ही आपले भाडेकरू." पाहुणे हसायचे. भानुमती चहा आणायला आत जायची.

तिचे म्हणता येईल असे या घरात हे सहा वाफे होते. मुरमाची जागा होती ती, बांधकामाचे तुकडे, विटा, गंजके खिळे. बारा वर्षांत तिने चाळून चाळून खडे काढले, पालापाचोळा पुरला, घमेल्या-घमेल्याने माती केली. मनातल्या मनात तिने एक हिशोब ठरवला होता, सुकेशनीला न सांगितलेला. यंदा वाफे पिकले, तर इथेच राहायचे. ज्या जागेत आपल्या हाताने काही उगवते, ती जागा आपली.

"सांगते तुला," ती म्हणाली.

"सांगच," सुकेशनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दहाच्या सुमारास मागचे फाटक वाजले. दगडाबाई आली होती. डोक्यावर लेंडीखताचे पोते, काखेत पाण्याची बाटली, आणि एका हातात दोरी. दोरीला महिन्याभराचे काळे कोकरू.

दगडाबाईचा मेंढवाडा विमानतळाच्या पलीकडच्या पडीत होता. पडीला आता तारेची कुंपणे पडत चालली होती, प्लॉट पाडून त्यांवर रंगीत दगड रोवले जात होते, आणि तिचा नवरा मेंढ्या घेऊन रोज दोन मैल लांब जात होता. महिन्यातून एकदा ती भानुमतीला पोतेभर खत आणून द्यायची आणि बदल्यात घरातला भाजीचा टाकाऊ पाला, सुकलेले तुकडे आणि तासभर सावली घेऊन जायची. चार वर्षांचा हा रिवाज होता.

"हे कुणाला आणलंस आज?" भानुमतीने विचारले.

"माय मेली ह्याची. घरी ठिवलं तर बोंबलतंय. म्हणलं चल, तुला भानूबाईचा मळा दावते." तिने पोते टेकवले, पदराने मान पुसली आणि वाफ्यांकडे पाहिले. "आगं बया. हे काय झालं वो? मागल्या बारीला व्हतं तेवढंच हाय की."

"वाढतच नाहीये."

"आन तुमी फुटपट्टी घिऊन बसल्या. रोज मोजल्यानं वाढत आसतंय व्हय? मव्हा नातू भित्तीला पाठ लावून रोज मोजतो, मोठा व्हतोय म्हणून. तुमचं तसंच."

"सगळं तपासलं गं. बी चांगलं, खत चांगलं—"

"खताला नावं ठिवायचं काम नाय. मव्हं खत हाय ते."

"तेच म्हणतेय. खत चांगलं."

"मंग नजर लागली आसंल. ह्या वरच्या लोकांची." तिने चार मजली इमारतीकडे हनुवटी उडवली. "समदे वरून बगतेत. उघडं-वाघडं काय ऱ्हायलंच नाय."

भानुमती हसली आणि पाणी आणायला आत गेली. ती तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा कोकरू दोरी ओढत गवारीच्या वाफ्यात शिरले होते.

"अगं, गवार खाईल ते!"

"खात नाय," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. ती उकिडवी बसून कोकराच्या तोंडाकडे पाहत होती. "बगा की. पाल्याला तोंडबी लावत नाय. माती चाटतंय."

कोकरू खरोखर माती चाटत होते. पाने सोडून, मेथी सोडून, अगदी मन लावून. चाटत चाटत ते भिंतीच्या कोपऱ्याकडे सरकले, जिथे वाळक्या पाल्याखाली कूलरचा जुना हिरवा पाइप उघडत होता. पाइपाच्या तोंडाशी त्याने जीभ लावली आणि शेपटी हलवली.

"मिठाला लागलंय," दगडाबाई म्हणाली.

"काय?"

"मीठ. आमी मैन्यातून एकदा खडं मीठ टाकतोत मेंढरांला. तवा अश्शाच चाटतेत, दगूड झिजूस्तोर." तिने बोट मातीला लावले, जिभेवर टेकवले, आणि बाजूला थुंकली. "तुमीच बगा. म्या कशाला खोटं बोलू?"

भानुमतीने बोट मातीला लावले. एकतीस वर्षांत तिच्या हाताखालून हजारो गावांची माती गेली होती. वाळवलेली, कुटलेली, चाळलेली, पुड्या बांधून चिठ्ठ्या लावलेली. तिने ती कधी जिभेला लावली नव्हती. तशी पद्धत नव्हती.

माती खारट होती.

दगडाबाई पाला बांधून निघाली तेव्हा फाटकापाशी थांबली. "बाई, हे पाणी कुटनं येतंय ते बगा. मातीला काय, ती दिलं ते घेती."

कूलर फाल्गुन संपल्याशिवाय लावायचा नाही, असा घरचा ठराव होता. तेव्हा त्या पाइपातून पाणी यायचे कारण नव्हते. भानुमतीने पाला बाजूला सारला. पाइपाच्या तोंडाखालची माती काळपट ओली होती आणि तिच्या भोवती पांढरी कड धरली होती, शाळेत फळ्याखाली खडूची पूड साचते तशी.

तिने वही उघडली आणि आकड्यांवरून बोट फिरवत गेली. वाढ, वाढ, वाढ, थांबली. पुन्हा वाढ, वाढ, वाढ, थांबली. पुढे पुढे थांबलीच. ती थांबे तो दिवस चारच्या अंतराने येत होता. आज चौथा दिवस होता.

दुपारी जेवण झाल्यावर ती रोज पुढच्या खोलीत तासभर आडवी व्हायची. दर चौथ्या दिवशी दादा म्हणायचा, "तू पड निवांत. दोन ते तीन नळ उघडू नकोस फक्त, मशीन धुवायला लावतो." आज ती पडली नाही. चटई टाकली, दार लोटले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली, मांडीवर स्टीलची वाटी घेऊन.

दोन वाजून दहा मिनिटांनी जिन्याखाली दादाच्या चपलांचा आवाज आला. तो काहीतरी गुणगुणत होता. मशीनचा दांडा फिरल्याचा खटका झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग कूलरच्या पाइपाला उचकी लागली, त्याने दोनदा हवा टाकली, आणि पाणी सुरू झाले. आधी गढूळ, मग स्वच्छ. इतके स्वच्छ, की नळालाही तसे येत नव्हते.

तिने वाटी धरली. पाणी अर्धा तास वाहत होते. गवारीच्या वाफ्यातून मेथीच्या वाफ्यात गेले, तिथून मुळ्याच्या, पालकाच्या, तिथून भेंडीच्या. तिनेच काढलेल्या बारीक सरीतून, तिनेच धरलेल्या उताराने. मग थांबले. ऊन कडक होते आणि मोकळ्या मातीवर पाणी फार वेळ दिसत नाही.

वाटीतले दोन चमचे पाणी तिने तव्यावर ओतले आणि गॅस लावला. पाणी उडाले. तव्यावर पांढरा थर राहिला. नखाने खरवडता येईल एवढा जाड.

तिने गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिली. तिला पालक आठवला. मीठ सोसणाऱ्या भाज्यांत पालक वरचा, मेथी नाही, मुळा नाही, गवार तर मुळीच नाही. हे तिने किती शेतकऱ्यांना सांगितले होते! आणि इथे चाळीस दिवस पालक एकटा उभा राहून तेच सांगत होता. पट्टीवरचे तांबूस ठिपके सांगत होते. मातीवरची पापडी सांगत होती. पाणी मी घालते, एवढ्या एका खात्रीवर तिने हे सगळे वाचायचे सोडले होते.

मशीनवर दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर चिकटवलेला होता. दादा आत झोपायला गेल्यावर तिने तो लावला.

"रामेश्वर बोलतोय."

तिने नाव, पत्ता सांगितला. "धुण्याच्या पाण्याचा पाइप आधी गटारात होता ना?"

"हो मावशी. मग जानेवारीत काकांनी बोलावलं होतं मला. तुम्ही बहुतेक गावाला होता. म्हणले, हा कूलरच्या पाइपाला जोडून दे, मागं काढ."

"तुम्ही जोडलात."

"मी म्हणलं ना त्यांना! मावशी, खोटं नाही सांगत. काका, म्हणलं, हे मिठाचं पाणी हाय, मागं झाडं असतील तर जळून जातील. तर काका म्हणले, तिथं काही नाही रे, नुसता पाला आहे." तो थांबला. "का हो, काही झालं का? झाडं होती का मागं?"

"नाही," भानुमती म्हणाली. "काही नव्हतं."

मग ती पायरीवर बसून राहिली. उपाय तिला पाठ होता. पाइप काढायचा, जिप्सम टाकायचे आणि वाफ्यांना भरपूर गोडे पाणी सोडायचे, एकदा, दोनदा, तीनदा, म्हणजे मीठ खाली उतरून जाते. तिने वाफ्यांची लांबी-रुंदी मनात गुणली. सहा वाफ्यांतले मीठ धुवायला जेवढे गोडे पाणी लागले असते, तेवढे या घरात महिनाभर पिण्यालाही येत नव्हते. किंवा मग पावसाळ्याची वाट पाहायची. गेला पावसाळा कसा गेला होता, ते गल्लीतल्या प्रत्येक टाकीला माहीत होते.

पाचोडकडचा एक शेतकरी तिला आठवला. कडुबा. आडनाव आठवेना. मोसंबीच्या बागेची माती आणि बोअरचे पाणी तपासायला घेऊन आला होता, तोही दुष्काळाचाच सुमार. तिने कार्डावर नीट अक्षरात लिहिले, "सदर पाणी पिकास देण्यास अयोग्य." त्याने ते कार्ड उलटसुलट करून पाहिले. "मंग कोणतं दिऊ बाई?" त्याने विचारले होते. "सांगा की. कोणतं दिऊ?" रांग मोठी होती. भानुमतीने त्याच्याकडे पाहिले होते आणि म्हटले होते, "पुढचा."

पाच वाजता वैजनाथ उठला. भानुमतीने चहा केला, त्याचा बिनसाखरेचा, आणि कप त्याच्यापुढे ठेवून समोर बसली. एरवी ती बसत नसे.

"दादा, कूलरच्या पाइपातून मशीनचं पाणी सोडतोस?"

तो कप तोंडाशी नेता नेता थांबला. मग त्याने एक घोट घेतला. "कोण म्हणालं?"

"मी पाहिलं."

"हो. मग? पाणी वाया कशाला घालवायचं? तूच तर सांगतेस, थेंब वाया घालवू नका."

"ते मिठाचं पाणी आहे."

"असेल थोडंफार." त्याने कप खाली ठेवला. "अगं, तुला माहीत नाही काय झालं ते. तू बोरसरला गेली होतीस ना लग्नाला, तेव्हा. आपल्या फाटकातून पाणी रस्त्यावर गेलं. कोपऱ्यावरच्या त्या काकासाहेबानं फोटो काढला आणि टाकला कॉलनीच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'लोक टँकरला रांगा लावतात आणि बँकवाल्यांच्या दारात गंगा वाहते.' पंचवीस जणांनी अंगठे दिले त्याला. पंचवीस! माझं सगळं आयुष्य या कॉलनीत गेलं. मंदिराच्या कमिटीवर आहे मी. तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"म्हणून मागे काढलंस."

"मागे कोण बघतंय?"

"रामेश्वरनं तुला सांगितलं होतं, झाडं जळतील."

"ते सगळे असंच सांगतात. त्यांना काय कळतं?" त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसू लागला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मशीन बंद कर. मग माझ्या अंगाला खाज सुटते, त्याचं काय? रात्ररात्र खाजवत बसायचं का मी या वयात?"

"मला सांगायला हवं होतंस. मी बादलीत धरून टाकलं असतं गटारात."

"सांगणार होतो. मग म्हटलं, तू एवढी मातीतली तज्ज्ञ, तुला कळेलच. दोन दिवसांत कळेल, चार दिवसांत कळेल. तू आपली रोज पट्टी घेऊन बसायचीस." त्याला हसू आले. ते त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण पूर्ण आवरले नाही. "खरं सांगू? नंतर नंतर मलाच बघावंसं वाटायचं, तुला कधी कळतंय ते."

रोज सकाळी तो दारात उभा राहायचा, चहाचा कप घेऊन. किती मिलिमीटर आज? तो प्रश्न उंचीचा नव्हता.

"चाळीस दिवस, दादा."

"बरं, चुकलं माझं. झालं? चार जुड्या मेथीसाठी एवढं तोंड करू नकोस. उद्या मोंढ्यातून आणतो तुला दहा जुड्या. आणि त्या रामेश्वरला बोलावतो, पाइप फिरवू कुठेतरी. पावसाळ्यात दोन ट्रॉल्या काळी माती टाकून घे तुझ्या त्या कोपऱ्यात. मी काही नाही म्हणणार आहे का? घर तुझंच आहे."

तो कप पुढे सरकवून उठला. टीव्ही लागला. पाणीकपातीची बातमी चालू होती, धरणातला साठा किती टक्के ते निवेदिका सांगत होती. वैजनाथने आवाज वाढवला.

भानुमतीने कप विसळला. विसळलेले पाणी सवयीने वेगळ्या बादलीत ओतले, मग बादलीकडे पाहिले. ती उचलून मागे गेली. इमारतीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होते. वाफे पुन्हा कोरडे झाले होते, भेगांच्या कडा उन्हाने पांढऱ्या. तिने बादली पालकाला घातली. बाकीच्यांकडे ती वळली नाही.

भेंडीचे तिसरे रोप तिने दोन बोटांनी धरून उपटले. ते अडले नाही. मूळ आखूड होते, टोकाशी तपकिरी, जळालेल्या दोऱ्यासारखे. तिने रोप पायरीवर आडवे ठेवले आणि पट्टी लावली. पाने, खोड, मूळ मिळून अकरा सेंटिमीटर. तिने ते वहीत लिहिले. खाली एक रेघ ओढली, पट्टीच्या आधाराने सरळ. पट्टी पिण्याच्या पाण्याने धुतली, कोरडी पुसली, शून्यापाशी दोनदा पुसली, आणि तिच्या जुन्या कव्हरमध्ये घातली.

आत आली तेव्हा बातम्या संपून जाहिरात लागली होती.

"भाकरी की पोळी?" वैजनाथने मान न वळवता विचारले. तो रोज हे विचारायचा, जणू करणार तोच होता.

"दादा, मी सुकेशनीकडे जातेय. गंगापूरला. पाडव्याला."

"जा की. तुलाही बदल. बरेच दिवस कुठे गेली नाहीस." त्याने रिमोट शोधला, चॅनल बदलले. "किती दिवस?"

भानुमतीने पट्टी पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

"राहायला जातेय," ती म्हणाली. "कायमची."